विजेचा पंखा आणि आमचा अबोला

माझ्या बापाला अख्खी गल्ली भोंगा म्हणते. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय, आणि नट किती आवळलाय ते उजव्या तर्जनीने नुसतं चाचपून सांगतो. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही.

त्या आठवड्यात आमचं बोलणं बंद होतं. कारण ब्रेडवाल्याची व्हॅन. दर दुकानापाशी ती थांबायची, इंजिन मंद व्हायचं, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखाही मंद व्हायचा आणि पाणी उकळायचं. गॅरेजमधलं वायरिंग मी बघते. मी म्हटलं, हा पंखा काढू, विजेचा बसवू, इंजिन तापलं की तो आपणहून सुरू होईल. तर बाप गिऱ्हाइकासमोर खेकसला, ‘इंजिनाला विजेचा पंखा? उद्या आत पलंग टाक, वर गादी घाल!’ ब्रेडवाला खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काम त्याने माझ्याकडेच दिलं.

मग सगळे निरोप गॅरेजमधल्या वेल्डरकाकांमार्फत. ‘तिला सांगा, पाना जागेवर ठेवत जा.’ ‘त्यांना सांगा, पाना मी घेतलाच नाही.’ काका वैतागले, ‘अरे, मी वेल्डर आहे की पोस्टमन?’

दोन दिवसांत पंखा बसला. वायर थेट बॅटरीवरून घेतली होती, म्हणजे चावी बंद केली तरी इंजिन गरम असेपर्यंत पंखा कधीही फिरणार. जुन्याचं तसं नव्हतं. इंजिन बंद की पंखा बंद. बापाचा हात चाळीस वर्षं त्याच भरवशावर आत जात होता. हे त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का सांगू? गादी घाल म्हणे!

चाचणीला मी इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. ब्रेडवाला बघत उभा होता. बाप न बोलावता आला, चावी बंद केली आणि खोट काढायला वाकला. पंखा तेव्हा थांबलेला होता. आत हात घालण्याआधी त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तीन पावलांवर होते. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, फिरू दे एकदा गरकन, दचकू दे, आता ब्रेडवाला याला हसू दे. खरं सांगते, हेच वाटलं.

पंखा फिरला.

तर्जनीचं वरचं पेर गेलं. डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, ‘कुणी सावध नाही केलं?’ बाप घामाने निथळत होता, तरी गुरगुरला, ‘पोरीने सांगितलं होतं. दोनदा. मीच बहिरा.’

वेल्डरकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘तू तरी काय करणार, बाळा? भोंगा कुणाचं ऐकतो का?’

मला इतका संताप आला की काकांचा हात झटकून टाकावासा वाटला. कुणी सांगितलं होतं या माणसाला खोटं बोलायला? शिव्या घालायच्या, गॅरेज डोक्यावर घ्यायचं, ते त्याला जमतं. ते मला झेपलं असतं.

नर्स पट्टी बांधायला आली, तिलाही त्याने तेच सांगितलं. पोरीने सांगितलं होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही.