वाफेची गस्तीबोट आणि न लिहिलेली ओळ

नौदलाच्या गस्ती जहाजावर पोस्टिंग झाली तेव्हा मी पेटी ऑफिसर होतो, इंजिन रूममध्ये. वसईचा माणूस, समुद्र नवा नव्हता. माझ्या हाताखाली लीडिंग मेकॅनिक इक्बाल परकार होता, रत्नागिरीकडचा. सहा महिन्यांत अख्खं जहाज त्याचं नाव घ्यायला लागलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

कारणं दोन. पहिलं त्याचे कान. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो आतलं दुखणं सांगायचा. मीही तेच करायचो, पण मला नुसता खडखडाट ऐकू यायचा. दुसरं कारण त्याची वाफेची बोट.

एकोणिसाव्या शतकात कस्टम्सची एक गस्तीबोट कोकण किनाऱ्यावर फिरायची. लोखंडी बांधणी, दोन बाजूंना दोन चाकं, मधे उंच धुराडं. कोळसा वाचवायला शिडंही होती. काम एकच, चोरटं मीठ पकडायचं. मिठाचे पडाव, म्हणजे मालाच्या छोट्या होड्या, ओहोटीला उथळ खाडीत शिरायचे आणि ही बाहेर धूर काढत उभी राहायची. भट्टीवरचे कोळसेवाले आसपासच्या गावांतले, त्यांत इक्बालचे खापरपणजोबा होते. एका सकाळी त्यांनी इंजिनिअरला सांगितलं, "साहेब, बॉयलरची नळी रडतेय." त्याने ते लॉगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या नोंदवहीत, लिहिलं नाही. दुपारी पाठलागात नळी फुटली. सगळे वर पळाले. भट्टीतला विस्तव बाहेर ओढायला ते एकटे खाली थांबले. बोट वाचली, पुढे बरीच वर्षं चालली, शेवटी इंजिन काढून तिचा कोळसा वाहायचा बार्ज, म्हणजे ओढून न्यायचा तराफा, केला. इक्बालने जुन्या दफ्तरात तो लॉग शोधला होता. त्या दिवसाची एकच ओळ होती: एक कोळसेवाला भाजून मेला. नाव नव्हतं, घरातही कोणाला ते ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट कमांडिंग ऑफिसर मेसमध्ये त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. मी ताटात बघत जेवायचो. माझ्या खापरपणजोबांनी केळी लावली होती, ती कोण ऐकणार?

त्या दिवशी १६०० ते २००० वॉच माझा होता, म्हणजे संध्याकाळी चार ते आठची पाळी. १६४० वाजता इक्बालने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तीन नंबर पंप. फ्युएल पाइपचा क्लॅम्प ढिला आहे. इंजिन थांबवल्याशिवाय आवळता येणार नाही. लॉगमध्ये टाका."

लॉग फक्त वॉचकीपर लिहितो, असा नियम आहे. इंजिनिअर ऑफिसर तो रोज २००० वाजता वाचायचे. मी क्लॅम्पला हात लावून पाहिला, मला काही जाणवलं नाही.

"खापरपणजोबा कानात बोलले वाटतं," मी म्हणालो.

तो हसला आणि गेला. उद्या मेसमध्ये पुन्हा 'इक्बालचे कान' सुरू होणार, हे मला नको होतं. मी लिहिलं, सर्व ठीक.

दुसऱ्या दिवशी ०६५५ वाजता एक संशयित डाऊ, अरबी बांधणीचं गलबत, दिसली. ब्रिजवरून आवाज आला, "इंजिन रूम, ब्रिज. फुल अहेड." ०७१० वाजता पाइप फुटला. डिझेल गरम एक्झॉस्टवर उडालं आणि आग लागली. डिझेलचा व्हॉल्व्ह वरून बंद करायची तार अडकली होती. इक्बाल मेसमधून धावत आला, माझ्या पुढे खाली उतरला. वॉचवरच्या दोघांना त्याने शिडीवर ढकललं.

"इक्बाल, वर ये."

"व्हॉल्व्ह बंद करतो. हॅच लावा."

मी वरचं लोखंडी झाकण लावलं. ०७१९ वाजता आग विझली. ११२० वाजता इक्बाल गेला. चौकशीत लॉग तपासला गेला. क्लॅम्प अचानक सुटला, असा निष्कर्ष निघाला. मला कोणी काही विचारलं नाही.

आता मी दुबईत, रास अल खोरला डिझेल वर्कशॉपमध्ये आहे, राहायला डिस्कव्हरी गार्डन्सला. इक्बालची मुलगी सना जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका शिपिंग कंपनीत आहे. मागच्या महिन्यात तिने ऑफिसात आपल्या मराठी लोकांसाठी त्या वाफेच्या बोटीवर टॉक ठेवला. मला फोन केला.

"अंकल, प्लीज, पाचच मिनिटं बोला. पप्पांबरोबर तुम्हीच होतात ना."

तिने बोटीचं छोटं मॉडेल बनवून घेतलं होतं. शेवटी म्हणाली, "कोळसेवाल्याचं नाव मला मिळालं. खलाशांच्या यादीत होतं. हुसेन." हॉल उभा राहिला, टाळ्या थांबेनात. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाही हेवा वाटला. परकारांच्या घरात मेलेल्यांनाही टाळ्या, आणि मी जिवंत असून तोंड लपवत बसलेलो.

मग तिने माइक माझ्याकडे दिला. "अंकल, फर्स्ट क्वेश्चन माझाच. पप्पांच्या कानांबद्दल सगळे सांगतात. मग तो पाइप त्यांना कसा नाही ऐकू आला?"

इतकी वर्षं ती वडिलांना चुकलेला समजत होती.

"ऐकू आला होता, बेटा," मी म्हणालो. पुढचं सगळं सांगितलं. माझ्या हातातून माइक घेऊन तिने टेबलावर ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही.

लॉग आता माझ्या हाती नाही, म्हणून इथे लिहितो.

१६४०. तीन नंबर पंप, फ्युएल पाइपचा क्लॅम्प ढिला. कळवणारा, लीडिंग मेकॅनिक इक्बाल परकार. वॉचकीपर, पेटी ऑफिसर विल्सन लोपीस.