लसूण, खोबरे, तिखट, मीठ वगैरे

लेबलावर जागा कमी पडली. खरं तर जागा होती, मी ती स्वतःसाठी वापरली. बायकोच्या बचत गटाची लसणाची चटणी पाकिटांतून दुकानांत ठेवायची ठरली, तेव्हा लेबल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात शुद्धलेखनाची घमेंड फक्त मलाच. बायकोनं भाकरी थापता थापता जिन्नस सांगितले: लसूण, सुकं खोबरं, तिखट, मीठ, शेंगदाणे. मला मात्र खाली ‘मुळशीच्या मातीतली अस्सल चव’ हे वाक्य बसवायचं होतं. तीन दिवस घोळवून सुचलं होतं ते. मग मी शेंगदाणे खोडले आणि ‘वगैरे’ लिहिलं. आमच्याकडे दाण्याचं कूट भाजीत पडतं, आमटीत पडतं. ते घातलंय हे काय सांगायचं?

वरच्या मजल्यावर आमचे भाडेकरू. आमच्या नांदे गावात हल्ली भातापेक्षा भाडेकरूच जास्त पिकतात. नवरा हिंजवडीत नोकरीला, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. राहायला आल्या दिवशीच आईनं सांगितलं होतं, “काका, हिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कणभरही चालत नाही.” मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हल्लीच्या पोरांची थेरं. ती बाई बिस्किटाचा पुडासुद्धा बोट फिरवत वाचायची. जिन्यात दिसली की मी विचारायचो, “काय, परीक्षा कधी आहे?” ती हसायची.

लेबल लिहिताना ती मला आठवली नाही.

एका रविवारी दुपारी वरून हाक आली, “काका, गाडी काढा!” मुलीचे ओठ सुजले होते, श्वासाला शिट्टी लागली होती. आईनं जवळ ठेवलेलं इंजेक्शन तिच्या मांडीत दिलं होतं. सूसच्या रस्त्याला गाड्यांची रांग. मी हॉर्न दाबून धरला. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं. मागच्या सीटवर बाप मुलीला सारखा म्हणत होता, “बघ माझ्याकडे, बघ.”

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? आईनं पर्समधून पाकीट काढलं. आमचं. ती ते बरोबर घेऊन आली होती.

डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं. “लसूण, खोबरे, तिखट, मीठ वगैरे. वगैरे म्हणजे काय?”

“दाणे,” मी म्हणालो.

“तुम्हाला काय माहीत?”

“आमच्या घरची चटणी आहे.”

लेबल कुणी लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मुलगी दोन दिवस नळ्यांत होती. वाचली. पण आता आईनं आधी तोंडाला लावल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा घेत नाही.

मी दुकानादुकानांतून पाकिटं परत गोळा केली. एक दुकानदार म्हणाला, “काय ओ, चटणीत आळ्या झाल्या का?”

“न्हाई. लेबल चुकलंय.”

“आवो, लेबल कोण वाचतंय!”

परवा गच्चीत मुलीची आई तिचे कपडे वाळत घालत होती. मी टाकी बघायला गेलो होतो. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “काका, मी दोनदा वाचलं होतं हो. ते वगैरे दिसलं होतं मला. पण वाटलं, काकूंची चटणी आहे, दाणे असते तर लिहिलं असतं. मी विचारायला हवं होतं ना? हे तर तेव्हापासून माझ्याशी बोलतच नाहीत.”

मी म्हणालो, “होतं असं.”

याहून भिकार वाक्य मी आजवर रचलेलं नाही.

खाली येऊन नवं लेबल लिहायला बसलो. शेंगदाणे सगळ्यात वर, ठळक अक्षरात. मातीतली चव काढून टाकली. बायको पीठ चाळत होती. तिला कागद दाखवला, गच्चीतलं बोलणंही सांगितलं. तिनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“लेबल ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आदी वर जा, तिचा नवरा घरात हाय तवर. दोघांच्या म्होरं सांगा, दाणे मी सांगितले व्हते आन् तुमी खोडले. जाताय, का मी जाऊ?”