काटोल रोडवरचं पंक्चर

खाप्याहून एक बाई चौकशीला आली होती. तिच्या मुलीला माझ्याकडे रेसची सायकल शिकायला पाठवायचं होतं. चहाचा कप हातात घेऊन तिनं सरळच विचारलं, "ताई, तुम्ही किती रेस जिंकल्या?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा दिवाणावरून म्हणाले, "काटोल रोडवरची तं जिंकलीच असती बाई. ऐन टायमाले पंक्चर झालं."

माझे कान तापले. या पंक्चरला आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मान आहे. लग्नात, बारशात, हातमाग बंद पडल्यावर बाबांनी जिथे काउंटरवर नोकरी केली त्या सीताबर्डीतल्या कापडाच्या दुकानात, सगळ्यांना ते तोंडपाठ. आणि ते कधी झालंच नव्हतं.

मी बरीच वर्षं पगारी सायकलपटू होते आणि एकही रेस जिंकले नाही, कारण जिंकणं हे माझं कामच नव्हतं. रोड रेसमध्ये टीमनं जिंकवायची मुलगी एकच असते, बाकीच्या तिच्यासाठी राबतात. मी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचे, ती माझ्या मागच्या चाकाला चिकटून दम राखायची. मागे टीमच्या गाडीपाशी जायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या आणि पुन्हा पुढे जाऊन तिला द्यायच्या, हेही माझंच. शेवट जवळ आला की जीव तोडून पुढे पळत तिला मागे ओढत न्यायचं आणि बाजूला व्हायचं. त्यानंतर मी कितवी आले हे टीममध्ये कोणी विचारत नसे.

घरी मात्र विचारायचे. मी "चांगली झाली रेस" म्हणून वेळ मारून न्यायचे. मला लाज वाटायची. पोरीला अर्ध्या चड्डीत रस्त्यावर धाडलं म्हणून आईबाबांनी गल्लीभर बोलणी खाल्ली होती. ती कशासाठी, तर मी दुसरीच्या पुढे वारा खावा म्हणून? हे त्यांना सांगायला जीभ रेटत नसे.

मग एका वर्षी रेस नागपुरातच आली. बाबा दुकानातल्या चार जणांना घेऊन काटोल रोडवर शेवटच्या रेषेपाशी उभे होते. वारा समोरून होता. आमच्या टीमच्या जिंकायच्या मुलीला मी इतकं ओढलं की शेवटी मांड्या थरथरायला लागल्या. मी बाजूला झाले, ती सुटली आणि जिंकली. तेवढं चांगलं काम मी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही. रखडत रेषेवर पोचले तेव्हा मांडववाले दोऱ्या सोडत होते.

"काहून वं, एवढी मागं काहून राहिली?" दुकानातल्या एका काकांनी विचारलं.

"पंक्चर झालं न तिचं," बाबा म्हणाले.

मी मान हलवली. बस्स, एवढंच केलं.

तेवढ्यात ती जिंकलेली मुलगी आली. केरळची, हातात सायकल, गळ्यात हार, ओठ सुकून पांढरे पडलेले. "अंकल, आज आपकी बेटी ने..." एवढंच ती बोलली आणि मी तिचं कोपर धरलं. "बाद में," म्हणाले आणि तिला जवळजवळ ढकललंच. तिनं खरं सांगितलं असतं तर चार माणसांत बाबा खोटे पडले असते. बाबांनीही तिच्याकडे पाठ केली. ती थोडी थांबली, मग गेली. पुढे ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

"म्हणजे पंक्चर झालं की सारं गेलं," खाप्याची बाई म्हणाली. "पोरीले सांगून ठेवतो."

आता हे खाप्यालाही जाणार होतं, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरीपर्यंत. माझा संताप झाला, बाबांवर नाही, स्वतःवर.

"पंक्चर झालं नव्हतं," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. वारा, बाटल्या, बाजूला होणं, सगळं.

बाईनं कप खाली ठेवला. "मंग माह्या पोरीलेही दुसरीसाठीच ओढा लागन का?"

"लागेल कदाचित," मी म्हणाले. "तसं झालं तर ती घरी येऊन सांगेल, आणि तुम्ही ते ऐकून घ्यायचं."

बाबांकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. तेच बोलले. "पंक्चर नव्हतं, मले मालूम हाये. त्या दिवशी सायकल मीच त ऑटोत ठेवली होती. दोन्ही चाकं टणक होते. तुले लाज वाटून राहिली होती, म्हणून म्हटलं."

मग त्यांनी विचारलं, "मंग ते हारवाली पोरगी काहून आली होती?"

"तुम्हाला हेच सांगायला, बाबा."

"मले वाटलं मिरवाले आली. मी तिले पाणीही नाही विचारलं वं."

आमच्या दारातून कोणी पाणी न घेता गेलेलं बाबांना चालत नाही. पण त्यांचा काय दोष, त्यांना कुठे ठाऊक होतं? त्या दिवशी तिच्या सायकलवरच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या, आणि ते मला दिसत होतं. तिला पाणी पोचवायचाच तर मी पगार घेत होते.