गुरुवारपर्यंतचं वाचन

टॅक्सी मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगखाली उभी होती आणि बाबा खिडकीतून वाकून शेवटचं सांगत होते, "तिकडे अवांतर वाचत बसू नकोस. अभ्यासाला चालली आहेस." कथालेखन शिकायला निघालेल्या मुलीला हे सांगणं, पण तेव्हा दोघांनाही हसू आलं नाही. आमच्याकडे क्रमिक पुस्तक म्हणजे अभ्यास, बाकी सगळं अवांतर, आणि अवांतर फक्त मे महिन्यात. आईला तर मे महिनाही नव्हता. वाण्याकडची पुडी सोडली की कागद सरळ करून ती ओट्याशी उभ्याउभ्या वाचायची. गोष्ट अर्धीच असायची. पुढे काय झालं असेल ते डाळ धुताधुता मला सांगायची.

अमेरिकेत पहिल्याच तासाला प्रोफेसरबाईंनी कादंबरी हातात ठेवली. गुरुवारपर्यंत वाचून या. यातलं परीक्षेला काय, मी विचारलं. परीक्षा कसली, त्या म्हणाल्या, कशी वाटली ते सांग. मी लायब्ररीत खिडकीशी बसले आणि भर दुपारी, गणिताच्या पुस्तकात न लपवता वाचू लागले. मग दर आठवड्याला एक, कधी दोन. कुठल्या कुठल्या देशांतले खलाशी, विधवा, शाळामास्तर माझ्या खोलीत राहून गेले. एवढं सुख कुणी नेमून देतं, यावर माझा कितीतरी दिवस विश्वासच बसेना.

घरी फोनवर मात्र म्हणायचे, अभ्यास खूप आहे गं. सुखात आहे म्हणायची लाज वाटायची. माझा भार हलका व्हावा म्हणून आईने गुरुवार धरले. ती तिथे साबुदाण्यावर, आणि त्याच वारी मी वर्गात गोष्टींवर गप्पा मारतेय. माझ्यासारख्या परदेशी गेलेल्यांनो, तुम्हीही असं काहीतरी लपवलं असेलच.

दोन वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हा मेथी निवडताना सांगून टाकलं. कष्ट नव्हते, आई. गोष्टी वाचत होते. तुमची फार आठवणही यायची नाही.

तिचा हात थांबला.

"म्हणजे, गोष्टी वाचायला सांगतात?"

"हो."

"आणि नाही वाचल्या तर रागावतात?"

"रागावतात ना."

तिने जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "मलापण दे ना नेमून."

नाक्यावरच्या वाचनालयातून मी तिला कादंबरी आणून दिली. म्हटलं, गुरुवारपर्यंत. त्या गुरुवारी तिने उपास धरला नाही. दुपारी बाबांनी नेहमीसारखी चहाची हाक मारली. आई बाल्कनीत पाय पसरून बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्हीच टाका हो. माझा अभ्यास चाललाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

आता मीच इथे अमेरिकेत मुलांना वाचन नेमून देते. वार गुरुवारच. घर म्हटलं की मला ना बिल्डिंग आठवते ना मुलुंड. आठवते ती बाल्कनी. आई पान उलटतेय, आणि आत बाबा एकेक डबा उघडून साखर शोधताहेत.