कुत्री दिसली, बाई झाकली

२६ जानेवारी १९७२ला सकाळी कोल्हारच्या आमच्या शाळेत माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. ती मॅट्रिकला होती. प्रदर्शनासाठी तिनं अंतराळप्रवासाचा तक्ता काढला होता. आधी कुत्री, मग पहिला पुरुष, मग गिरणीत राबलेली नि एकटीनं पृथ्वीला फेऱ्या मारून आलेली बाई, शेवटी चंद्रावर उतरलेले दोघे. ती बाई दाखवून वडिलांकडून नगरच्या कॉलेजला होकार मिळवायचा, एवढाच तिचा बेत.

सरांनी पाहुण्यांच्या स्वागताचा कागद खळ लावून नेमका त्या बाईवर चिकटवला. म्हणाले, "पाहुण्यांचं नाव मधोमध पाहिजे."

वडील तक्त्यापुढं थांबले. "कुत्री बी गेली व्हय वर?"

"आबा, बाईसुद्धा गेलीय."

"कुठं हाय? दाव की!"

शेजारी सर उभे. कागद ओढायची तिची छाती झाली नाही. माझीही नाही, याचा संताप अजून जात नाही. "लई थापा मारती," म्हणून वडील हसत पुढं गेले. जूनमध्ये कॉलेजं उघडली तेव्हा ती सासरी होती.

तुमच्या घरात मॅट्रिक झालेली मुलगी असेल तर हे वाचून नुसते हळहळू नका. उठा, कॉलेजचा फॉर्म आणा आणि आजच सही करा.