कुडपणचा वरचा झरा

हैबतीकाका माझ्या आज्याचा, सोनबाचा, धाकटा भाऊ; वाडीत सगळेच त्याला काका म्हणत. मुंबईच्या गिरणीत उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा तो कुडपणला परत आला. मुंबईत रात्रीच्या शाळेत त्याने लिहिणं-वाचणं शिकून घेतलं होतं. आमच्या वाडीत तेवढं येणारा तो एकटाच.

१९३३च्या पौषात सरकारी भूगर्भ खात्याचे एक साहेब डोंगरातले झरे पाहत वर आले. त्यांनी वरचा जांभा दगड ठोकून पाहिला, खालच्या काळ्या कातळावर पाणी ओतून पाहिलं. झऱ्याचं पाणी पावसाळ्यापर्यंत कसकसं उतरतं ते त्यांना हवं होतं, पण ते काही तिथे राहणार नव्हते. त्यांनी हैबतीकाकाला एक घड्याळ दिलं आणि काम सांगितलं. दर आठवड्याला झऱ्याखाली रॉकेलचा डबा धरायचा, भरायला किती मिनिटं लागली ते लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी पोलादपूरच्या टपालात टाकायचं.

पौषात डबा चार मिनिटांत भरला. फाल्गुनात आठ लागली. चैत्रात बाया पहाटेपासून हंडे रांगेला लावू लागल्या आणि डब्याला एकोणीस मिनिटं लागायला लागली.

तेव्हा सोनबा चार माणसांना घेऊन काकाच्या पडवीत आला. साहेब विहीर देणार असतील तर पाणी अगदीच नसलेल्या गावाला देतील, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. एकोणिसाच्या जागी चाळीस लिही, म्हणजे काम होईल, असं त्यांनी त्याला समजावलं. काकाने ऐकून घेतलं.

"दादा, एकोणीस लागली, म्हणून एकोणीस लिवली," तो म्हणाला. "खोटं लिवलं तर मी हितं डबा धरून कशाला बसतोय?"

त्याची बायको, रंगूबाई, आत चुलीपाशी होती. रांगेत तीही उभी राहत असे.

वैशाखात साहेबांचं पत्र आलं. जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या कातळावर अडतं आणि तिथून बाहेर येतं, कातळ तिथे पातळ आहे, म्हणून झऱ्यापाशी विहीर खोदू नये, असं त्यात होतं. येईल ते पाणी साठवायला टाकी बांधावी, तशी शिफारस वर पाठवली आहे, असंही होतं. काकाने देवळासमोर पत्र वाचून दाखवलं. लोकांनी त्यातून एवढंच घेतलं की विहीर मिळत नाही, आणि ती काकाच्या आकड्यांमुळे गेली.

सोनबाने घाटरस्त्याच्या कामावर सुरुंग लावणाऱ्या पांडूला बोलावून आणलं. झऱ्याचं तोंड फोडून मोठं केलं की आतलं पाणी मोकळं होईल, असा सोनबाचा हिशेब. काका त्या जागी जाऊन उभा राहिला.

"दादा, खालचा कातळ तडकला तर हे पाणी आपलं ऱ्हाणार नाय."

"दगडाच्या पोटातलं तुला कागदावरनं कळतं काय रे?" सोनबाने विचारलं, आणि त्याच्याबरोबरच्या दोघांनी काकाला धरून बाजूला नेलं.

सुरुंग उडाला तेव्हा पाणी भसकन बाहेर आलं. बायांनी हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या दिवशी धार करंगळीएवढी झाली. पाचव्या दिवशी कातळ कोरडा पडला.

त्या आठवड्यात काकाने नेहमीसारखा डबा धरला, घड्याळ बघत तासभर बसला आणि उठला. मग साहेबांना लिहिलं: 'आम्ही कातळ फोडला. पाणी गेलं.' हात कोणाचा ते लिहिलं नाही. सोनबाने ते पत्र जाण्याआधी त्याच्याकडून वाचून घेतलं. माझ्या बापाने ते पाहिलं होतं. तो सांगायचा, आजा 'आम्ही' या शब्दावर थांबला आणि पुन्हा वाच म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकून निघून गेला.

पाणी गेलं कुठे, ते शोधायला काका तीन दिवस घळीत उतरत होता. उभ्या उताराखाली, करवंदीच्या जाळीत, पूर्वी कधी ओल नसलेल्या जागी त्याला पाझर सापडला. त्याने डबा धरला. तेवीस मिनिटं. थोडं वाटेत मुरत असणार, पण पाणी तेच, असं त्याने येऊन सांगितलं.

आता हंडा घेऊन अर्धा डोंगर चढायचा होता. रंगूबाई दोन आठवडे चढली, मग तिचा गुडघा सुजला. काकाने बांबूची कावड केली, दोन्ही टोकांना डबे अडकवले आणि स्वतः पाण्याला गेला. पाणी हे बायांचं काम, असं म्हणत पुरुष हसले. तो रोज जात राहिला. धड नसलेल्या हाताने कावड पेलायला त्याला त्रास व्हायचा.

पुढच्या माघात सोनबा एक दिवस पहार घेऊन घळीत उतरला. काका पाझरापाशी दगड रचत होता. आज्याने न विचारता दुसऱ्या बाजूने रचायला सुरुवात केली. मग आणखी माणसं आली. होळीपर्यंत कमरेएवढी टाकी उभी राहिली. सरकारची शिफारस कुठवर पोचली ते कधी कळलं नाही. साहेब पुन्हा आले नाहीत. घड्याळ बंद पडेपर्यंत काका आकडे पाठवत राहिला. ते कुठे छापले गेले असतील तर आम्हांला माहीत नाही.

वरच्या झऱ्याला पाणी परत आलं नाही. पण आमच्या वाडीत तेव्हापासून उन्हाळ्यात पुरुष कावड घेऊन घळीत उतरतात, आणि त्याला कोणी हसत नाही.