शब्दांचा वास घेणारे मुनीर सर

इंग्रजीचा नवा शब्द फळ्यावर लिहिला की मुनीर सर विचारत, "याचा वास कसा?" नळदुर्गच्या शाळेत आठवीत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "आई लेकराकडं बघती, अन् फौजदार चोराकडं बघतो. बघणं एकच हाय का? इंग्रजीत दोन्हीला वेगळे लफ्ज हायेत. अर्थ कोश सांगतो, वास तुमी सांगा."

आम्ही काही सांगितलं की त्यांचा पुढचा शब्द ठरलेला : "सबूत?" मग धड्यातली नेमकी ओळ दाखवावी लागे. नाही सापडली तर म्हणत, "मग ही तुमची कल्पना. छान हाय. घरी ठेवा."

त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली, तेव्हा चाळिशीत ते मराठी लिहायला शिकले. "तीन भाषांत चुकत चुकत शिकलोय. कुठलाच शब्द उगं वापरवत न्हाई," म्हणायचे.

मॅट्रिकनंतर सोलापूरच्या मुलींच्या वसतिगृहासाठी मला शाळेकडून स्वभाव-वर्तणुकीचा दाखला हवा होता. तिथं जागा मिळाली नाही तर मार्गशीर्षात लग्न, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. हेडमास्तरांनी कच्चा मसुदा केला : हुशार, पण ऑब्स्टिनेट, म्हणजे हेकट. मी दाराशी उभी असताना तो पक्का लिहायला मुनीर सर बसले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, सबूत?"

"तुम्हाला ठाऊक नाही? जादा तासाला मुली नकोत म्हटलं, तर ही आठ दिवस बाहेर पायरीवर बसली."

"बसली, खरंय. पण हा शब्द वाचून वसतिगृहवाल्यांना अडेलतट्टू दिसंल. पायरी न्हाई दिसायची."

"मग काय, निश्चयी लिहू?"

"तेबी नको. पायरीच लिहू."

सरांनी तसंच लिहिलं : वर्गाबाहेर पायरीवर बसून हिने आठ दिवस सगळा अभ्यास केला. हेडमास्तरांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

दाखला हातात आल्यावर त्या ओळीखाली सरांच्याच अक्षरात आणखी एक ओळ दिसली : समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, वर्गात अनेकदा अनुभव आला.

"सर, हे कशाला लिहिलं?" मला रडू येत होतं.

"बेटी, गोड तेवढंच निवडलं तर ती खुशामत झाली."

वसतिगृहाच्या बाईंनी दाखला सावकाश वाचला. "एकच जागा उरली आहे, पण ती खोली—"

"चालेल," मी म्हणाले.

बाईंनी पुन्हा दाखल्याकडे पाहिलं. "म्हणजे पायरीचंही खरंच असणार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी रजिस्टर उघडलं.